पुटं

पहिली आवृत्ती लोखंडाची होती.
कुडाळच्या शेडमध्ये तिला हिरवा रंग मारला,
एप्रिलच्या शेवटी टेम्पोत घालून
वेंगुर्ल्याला, उभादांड्यावर,
रुजाय फर्नांडिसच्या खळ्यात उतरवली.
चाळीस रातांबे आत गेले.
बाहेर आला लाल रस, मग काळपट रस,
मग हिरव्या रंगाचे पापुद्रे.
रुजायने एक साल जिभेला लावली आणि थुंकली.
"खिळ्याची चव लागता," म्हणाली,
आणि पाटावर बसून परत
अंगठ्याने फळं फोडू लागली.

वहीत लिहिलं: आंबट लोखंड खातं.
हे शाळेतच शिकवलं होतं. तरी लिहिलं.

दुसरी स्टेनलेस.
पातं खोल गेलं, बिया चिरल्या.
बी चिरली की मुठेल कसलं निघायचं?
"हिवात टाचांक काय लावतलंय?" तिने विचारलं,
"तुझा ग्रीस?"

तिसरीबद्दल बोलायला नको.
खाऱ्या वाऱ्याने तिची स्प्रिंग पंधरा दिवसांत खाल्ली
आणि मी पुरवठादाराशी भांडलो.

हंगाम सहा आठवड्यांचा, फार तर सात.
चूक मेमध्ये कळते,
दुरुस्ती जूनच्या मध्यावर सुचते,
तोवर झाडावर एकही फळ नसतं.
उरलेलं वर्ष मी रबरी चेंडूंवर चाचण्या घेतो.
चेंडू कधी तक्रार करत नाहीत,
म्हणूनच त्यांच्यावर विश्वास नाही.
बँकेतले पालव फोन करतात, माल बाजारात कधी?
मी म्हणतो, फळ धरलं की.

चौथीत मी एकदम तीन गोष्टी बदलल्या:
पात्याचा कोन, स्प्रिंग, नरसाळं.
आणि ती चालली!
बी अखंड, सालीच्या दोन स्वच्छ वाट्या.
शेजारच्या बायका बघायला आल्या, कोणी चहा टाकला.
दुसऱ्या दिवशी अडकली ती अडकलीच.
चालली कशामुळे, अडकली कशामुळे,
कोण सांगणार?
वर्षभर त्या तिघांना
भांडखोर भावांसारखं वेगवेगळं बसवून
एकेकाची जबानी घेत होतो.
तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आहे:
एका फेरीत एकच बदल.
त्याखाली बाबल्या वेल्डरने पेन्सिलने लिहिलंय,
आणि एकच शिवी.

पाचवी टेम्पोतून उतरवलीच नाही.
दोन दिवस नुसता पडवीत बसून राहिलो.
साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची,
रात्रभर मुरवायची, सकाळी चटईवर उन्हात,
संध्याकाळी पुन्हा त्याच रसात.
"किती वेळा?" मी वही उघडली.
"मोजतत ते पैसे," ती म्हणाली.
"सोलां काळी होयसर बुडवतत."
चार पुटं, पाच,
मळभ असलं तर सहावं.
प्रत्येक खेपेला रस तोच,
साल मात्र कालची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला दिसलं,
ती डावखुरी आहे.
पाच वर्षं. पाच हँडल.
सगळी उजवीकडे.

सहावीचं हँडल दोन्ही बाजूंना बसतं.
स्टील दुसरीचं, कोन चौथीचा.
पाचवीचं काहीच नाही,
पाचवी म्हणजे ते दोन दिवस.
रुजायने तासभर चालवली. बोलली नाही.
मग आत जाऊन जुन्या झग्याची चिंधी आणली,
हँडलला घट्ट गुंडाळली, दाताने गाठ ओढली,
आणि पुन्हा चालवू लागली.
मी कॅलिपर काढला.
दांडा सव्वीस मिलिमीटर,
चिंधीसकट चौतीस.

फणसाची सावली सोलांवर आली होती.
"मापां मागसून घे," ती ओरडली,
"आधी चटई धर!"
एक टोक तिने धरलं, एक मी,
उन्हाकडे सरकत गेलो.
वही खळ्यात उघडीच राहिली.
सातवीच्या कोऱ्या पानावरून
एक कोंबडी चालत गेली,
पाय रसात भिजलेले.